नोंदवहीतला रकाना कोणाच्या कामाचा?

(राजूर, ता. अकोले इथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, आधी एक तोंडी हिशेब घालतो. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर, ज्याला जंबो म्हणतात, त्यात साधारण ७,००० लिटर वायू असतो. पेशंटला मिनिटाला ५ लिटर लावला तर तासाला ३०० लिटर जातो, म्हणजे सिलिंडर साधारण २३ तास चालतो. तोच पेशंट बिघडला आणि १५ लिटरवर गेला तर पावणेआठ तास. नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं हाय फ्लो यंत्र ६० लिटरवर चालवलं तर दोन तासही पुरत नाही.

आता समजा, एका रुग्णालयात ऑक्सिजनवर १० पेशंट आहेत आणि १० भरलेले जंबो आहेत. वर कळवलेला आकडा असा : ऑक्सिजनवरील रुग्ण १०, सिलिंडर १०. आकडा खरा आहे, खाली सही-शिक्का आहे. पण त्यावरून गाडी आत्ता सोडायची की उद्या सकाळी, हे सांगता येतं का? दहाही जण ५ लिटरवर असतील तर उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. दहाही जण १५ वर असतील तर रात्री दहाला लावलेले सिलिंडर पहाटे पावणेसहाला संपतात. राजूरहून गाडी विठा घाट उतरून जाणार, सिलिंडर भरून घेणार, परत घाट चढणार. ती रात्री बाराला निघाली तर ठीक, सहाला निघाली तर कशाला निघाली?

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये राज्यभर हीच कसरत चालली होती. केंद्राच्या हिशेबात अतिदक्षता विभागातल्या पेशंटला मिनिटाला २४ लिटर आणि बाहेरच्या ऑक्सिजन बेडला १० लिटर धरले होते. जिल्ह्याचा कोटा ठरवायला असा सरासरी हिशेब लागतो, त्यात गैर काही नाही. पण वॉर्डातल्या सिस्टरला सरासरी पेशंट कधीच भेटत नाही. तिच्यासमोर सहा नंबरच्या बेडवरची बाई असते, जी दुपारी ४ लिटरवर होती आणि आता १२ वर आहे. म्हणून वॉर्डात प्रत्येकाचा लिटरचा आकडा लिहायचा आणि खाली बेरीज मारायची. शिल्लक लिटरला त्या बेरजेने भागलं की किती मिनिटं उरली ते समोर येतं. पाचवीतल्या पोराला जमेल असं गणित आहे.

२१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि त्याच दिवशी २२ माणसं गेली. तो अपघात होता, नोंदीची चूक नव्हती. पण आपल्यासारख्यांनी त्यातून एक गोष्ट घ्यावी. पुरवठा थांबला तर हाताशी असलेला पहिला जंबो कोणाला लावायचा, याची यादी दर पाळीला करून भिंतीवर लावलेली असावी. त्या क्षणी रजिस्टर चाळायला कोणालाही वेळ नसतो.

मी दवाखान्यातल्या नोंदींविषयी बोलायला उभा आहे आणि माझं म्हणणं असं आहे : रकाना आखण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा आकडा पाहून कोण, कधीपर्यंत, काय ठरवणार आहे? आणि हा आकडा नको त्या हातात गेला तर नुकसान कोणाचं होणार आहे? पहिल्याला उत्तर नसेल तर तो रकाना खोडा. दुसऱ्याचं उत्तर 'पेशंटचं' असेल तर तो कुलपात ठेवा.

पहिल्या प्रश्नाचं आधी बोलू. साथ आली की वरून फॉर्म येतात. एका फॉर्मचे तीन होतात. प्रत्येक खात्याला वाटतं, आपण फक्त दोनच रकाने वाढवले. समजा पेशंटमागे ४० रकाने आहेत आणि एकाला अर्धं मिनिट लागतं. म्हणजे पेशंटमागे २० मिनिटं. वॉर्डात ३० पेशंट असतील तर १० तास. सिस्टरची पाळी असते ८ तासांची. मग ती काय करते? एक तर पेशंटकडे बघते आणि रकाने अंदाजे भरते, किंवा रकाने नीट भरते आणि पेशंटकडे बघत नाही. दोन्हीचा दोष तिच्याकडे जात नाही. ज्याने ऑफिसात बसून चाळिसावा रकाना वाढवला त्याच्याकडे जातो.

दुसरं, वेळ. 'शिल्लक बेड ३' याला किती वाजता हे लिहिल्याशिवाय काही अर्थ नाही. दुसऱ्या लाटेत किती घरांनी मोबाइलवर बेड शिल्लक पाहिले, गाडी केली, आणि दारात ऐकलं की बेड सकाळीच गेला! आकडा सकाळी खरा होता. दुपारी तो फसवणूक झाला, आणि फसवायचं कोणाच्याही मनात नव्हतं.

मुंबईत २०२० च्या मध्यावर २४ वॉर्डांत वॉर रूम उभ्या राहिल्या, त्यांचं पुढे बरंच कौतुक झालं. लोकांना वाटतं ती कॉम्प्युटरची कमाल. मला त्यातली साधी गोष्ट मोलाची वाटते : पॉझिटिव्ह आलेल्यांची यादी वॉर्डात जायची, तिथला डॉक्टर फोन करून वय, दम, ऑक्सिजनची पातळी विचारायचा, आणि बेड द्यायचा की घरीच ठेवायचं हे तोच ठरवायचा. आकडा आणि निर्णय एकाच टेबलावर होते. नगर इथून शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे. तिथल्या टेबलावर राजूरच्या रात्रीचा निर्णय होणार असेल तर आकडा कितीही सुंदर पाठवा, तो उशिराच पोचणार.

राजूरची आणखी एक अडचण आहे, ती मुंबईला नाही. इथला पेशंट जिल्ह्याची हद्द बघून आजारी पडत नाही. घाटघर, साम्रद, रतनवाडीचा माणूस बरा वाटेना झाला की राजूरला येतो, आणि इथे भागलं नाही तर कोणी संगमनेर गाठतो, कोणी घोटी, कोणी नाशिक. घोटी-नाशिकला गेला की तो नगर जिल्ह्याच्या कागदातून नाहीसा होतो. तिथे मृत्यू झाला तर नोंद तिथेच होते, कारण आपल्या कायद्यात मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवतात. मग गावाच्या रजिस्टरमध्ये मृत्यू कमी दिसतात आणि गावाला वाटतं, आपल्याकडे फारसं काही नाही.

पण मयत कुठे येते? घरी येते, गावच्या स्मशानात किंवा कब्रस्तानात येते.

इथे मला मालेगावविषयी सांगायचं आहे. २०२० चा एप्रिल आठवा. यंत्रमाग बंद, गल्ल्या बांबू लावून बंद, आणि बरेच खाजगी दवाखानेही बंद. कोरोनाने गेलेल्यांचा अधिकृत आकडा मोजका होता. मात्र तिथल्या बडा कब्रस्तानच्या नोंदवहीत त्या महिन्यातले दफन मागच्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा कितीतरी जास्त निघाले. त्यातले किती कोरोनाचे आणि किती इलाज न मिळाल्याचे, यावर वाद झाला, आणि तो अजूनही पूर्ण मिटला आहे असं मी म्हणणार नाही. शुगर, बीपी, दमा, हृदयविकार यांचे पेशंट होते, त्यांचा नेहमीचा डॉक्टर शटर ओढून बसला होता. पण हा प्रश्न उपस्थित झाला कशामुळे? कुठल्या डॅशबोर्डमुळे नव्हे. कब्रस्तानात कोणीतरी वर्षानुवर्षं तारीख आणि नाव लिहीत आला होता, म्हणून मागच्या वर्षीशी ताडून पाहता आलं. त्यानंतर दवाखाने उघडा म्हणून प्रशासनाने डॉक्टरांच्या मागे तगादा लावला. रुग्णालय बंद असल्याचा पुरावा रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये कसा सापडेल? ते तर बंद होतं.

राज्याचं सांगायचं तर १६ जून २०२० ला महाराष्ट्राने एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू कोरोनाच्या यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे. ताळमेळ नंतर झाला हे चांगलंच झालं. पण नंतर जोडलेल्या आकड्यावर त्या वेळचा निर्णय घेता येत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. नुकसान कोणाचं?

२०२० च्या मार्चमध्ये दिल्लीत निजामुद्दीन मरकजमध्ये लोक जमले होते. त्या दिवसांत तिथे गर्दी राहणं बेफिकिरी होती, हे मी इथे आपल्या लोकांत स्पष्ट बोलतो. तिथे आलेल्यांना शोधून तपासणंही बरोबर होतं, साथीत ते करावंच लागतं. पण शोधणं वेगळं आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर त्यांचा वेगळा आकडा वाचणं वेगळं. १८ एप्रिलला केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ त्या एका कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. म्हणजे सुमारे ३० टक्के. ऐकणाऱ्याने काय अर्थ लावला, ते तुम्ही तुमच्या गल्लीत, तुमच्या भाजीवाल्याच्या बाबतीत पाहिलं असेल.

आता गणित म्हणून बघा. त्या दिवसांत देशात चाचण्या फार थोड्या होत होत्या. त्यातल्या किती त्या कार्यक्रमाशी संबंधित लोकांच्या होत्या आणि किती बाकीच्यांच्या, हे त्या आकड्यासोबत सांगितलं जात नव्हतं. जिथे टॉर्च मारला तिथे वस्तू दिसली, म्हणून बाकीच्या घरात काही नाही असं होत नाही. शाळेच्या भाषेत सांगायचं तर अंश दाखवला, छेद झाकला. आणि माझा पहिला प्रश्न : तो रोजचा आकडा पाहून कोणत्या जिल्ह्यात कोणता डॉक्टर वेगळं काय ठरवणार होता? काहीच नाही. ९ एप्रिलला दिल्लीच्या अल्पसंख्याक आयोगाने पत्र लिहून दिल्ली सरकारच्या पत्रकातल्या त्या वेगळ्या रकान्यावर आक्षेप घेतला, मग तिथलं शीर्षक बदललं.

हे प्रकरण दिल्लीत राहिलं नाही. आपल्या नगर जिल्ह्यात जमातच्या परदेशी पाहुण्यांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांनी, २९ परदेशी नागरिकांवरचे ते गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं निरीक्षणही नोंदवलं. एका रकान्यापासून कोर्टापर्यंत साडेचार महिने गेले. ज्याची भाजी त्या साडेचार महिन्यांत कोणी घेतली नाही त्याला कुठल्या कोर्टात जायचं?

पण याची दुसरी बाजूही आहे. २०१९ च्या डिसेंबरपासून नागरिकत्व कायद्याविरुद्ध आंदोलनं चालू होती. कागद मागतील, यादी करतील, ही भीती घराघरांत होती. तेवढ्यात आशाताई वही घेऊन दारात आल्या, घरात किती माणसं, कोणाला ताप आहे का विचारू लागल्या. अनेक मुस्लिम वस्त्यांत लोकांनी दार लावून घेतलं. काही ठिकाणी त्यांना अंगावर धावून जाण्यापर्यंत मजल गेली, त्याचं समर्थन होऊच शकत नाही. भीती समजू शकतो, तरी परिणाम काय झाला ते बघावं लागेल. ताप लपवला, माणूस शेवटच्या दिवशी दवाखान्यात आणला, आणि रजिस्टरमध्ये असं दिसलं की आमच्या वस्तीतले लोक दवाखान्यात आले की मरतात. ते पाहून आणखी लोक दवाखान्याला घाबरले. ज्या वहीवर लोकांचा भरवसा नाही ती वही खोटीच भरली जाते.

भरवसा बसायचा तर वही जपली पाहिजे. पहिल्या लाटेत पॉझिटिव्ह लोकांच्या याद्या नाव-पत्त्यासह व्हॉट्सॲपवर फिरल्या. शहरात निदान अनोळखीपणाची आड असते. राजूरसारख्या गावात नाव खोडून काही होत नाही. 'बाजारपेठ, पुरुष, ४२, शिवणकाम' एवढं लिहिलं की सगळ्या गावाला कळतं. म्हणून गावपातळीवर बाहेर सांगायचा आकडा मोठ्या घासात सांगा. गल्लीनिहाय नको, गावनिहाय सांगा. दोन-तीनच पेशंट असतील तर वय आणि लिंग वेगळं देऊ नका. वॉर्डातल्या वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकणारा आपला कार्यकर्ता असेल तर त्याला तिथेच थांबवा. मदत करायला म्हणून टाकतात, मला माहीत आहे.

आता कोणी विचारेल, मग समाजाचा रकाना कधीच नको का? इथे मी घाई करणार नाही. अकोल्याचा हा पश्चिम भाग आदिवासी पट्टा आहे, राजूरला त्यासाठीच प्रकल्प कार्यालय आहे. सिकलसेलची तपासणी आदिवासी भागांत करतात, २०२३ च्या जुलैपासून देशभर त्याची मोहीम आहे. त्या रकान्याचा उपयोग आहे, कारण सिकलसेलचा पेशंट तापाने आला की त्याच्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. पण तिथेही केसपेपरवर डॉक्टरला लागतो तो रक्ततपासणीचा निकाल. आडनाव पाहून ठाकर की महादेव कोळी हे ओळखून त्याचं काम होत नाही. आणि कुठल्या वाडीला रस्ता नाही, कुठे रेंज नाही, १०८ कुठपर्यंत येते, हे रकाने जातीच्या रकान्यापेक्षा जास्त जीव वाचवतील असं माझं मत आहे.

नोंद नसल्यानेही नुकसान होतं, तेही सांगतो. कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये द्यायचे ठरले. अट साधी : चाचणीचा अहवाल आणि त्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू, असं कागदांवरून दिसलं पाहिजे. महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू १ लाख ४० हजारांच्या घरात असताना अर्ज दोन लाखांच्या वर गेले. काही दुबार होते. बाकीचे मात्र यादीत कधी आलेच नव्हते. ज्या बाईकडे डिस्चार्ज कार्ड नव्हतं, स्पेलिंग चुकलं होतं, आधारवर एक नाव आणि केसपेपरवर दुसरं होतं, तिने किती चकरा मारल्या असतील! आपल्याकडे 'शेख', 'सय्यद', 'पठाण' इंग्रजीत चार प्रकारे लिहितात. भरती करताना दोन मिनिटं थांबून आधारप्रमाणे नाव लिहून घेणं ही त्या बाईची ५०,००० रुपयांची मदत आहे.

आणि कधीकधी आकडा असतो, अहवाल असतो, फक्त निर्णय नसतो. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासा असे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ पेशंट गेले. तेव्हा सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला की तपासणीत जे सांगितलं होतं त्यातलं किती झालं होतं. म्हणून म्हणतो, अहवालाच्या शेवटी एक रकाना हमखास हवा : कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. तो नसेल तर बाकीची पानं रद्दी.

आता तुम्ही काय करू शकता? रुग्णालयात घुसून त्यांची वही तपासायला जाऊ नका, तो तुमचा अधिकार नाही आणि त्यांना आधीच कामं कमी नाहीत. तुमच्या हातातलं सांगतो.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. लिहिता येणाऱ्याने लिहायला नकार देऊ नये असं त्यात आहे, आणि लिहिणाऱ्याला त्रास दिला जाऊ नये असंही आहे. आशाताईच्या बाबतीत मला हे दुसरं वाक्य नेहमी आठवतं. पुढची साथ आली की त्यांच्यासोबत वस्तीतल्या दोन मुली आणि दोन मुलं दारोदार जातील, एवढं आजच ठरवा. ओळखीचा चेहरा सोबत असला की दार उघडतं.

दुसरं कब्रस्तानचं रजिस्टर. तारीख आणि नाव तर असतंच. त्यात वय, गाव आणि मृत्यू कुठे झाला, घरी, दवाखान्यात की वाटेत, एवढे तीन रकाने वाढवा. आजाराचं नाव लिहू नका, तुम्ही डॉक्टर नाही आणि ते चारचौघांत उघडं ठेवायची गोष्टही नाही. 'वाटेत' या रकान्यात एका महिन्यात चार नावं आली तर ग्रामपंचायतीत आणि रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे फक्त आकडा घेऊन जा आणि विचारा, रुग्णवाहिका कुठे अडते? आणि हे एकट्या कब्रस्तानापुरतं ठेवू नका. स्मशानभूमीचं, वाड्या-पाड्यांचं ग्रामपंचायतीबरोबर बसून करा. घाटघरचा ठाकर आणि राजूरचा शेख एकाच रुग्णवाहिकेची वाट बघत असतात.

मागची दहा वर्षं जुन्या वहीतून उतरवून घ्या, दर महिन्याला किती एवढंच. नेहमीचा महिना कसा असतो हे माहीत नसेल तर वाईट महिना ओळखणार कसा? दोनशे पानी वही पुरेल. एक्सेल नंतर करता येईल, लाईट गेल्यावरही उघडता यावी म्हणून आधी वहीच हवी. मुतवल्ली साहेबांना विचारून घ्या, आणि ते गावाला गेले की वहीची किल्ली कोणाकडे असेल, हेही आजच ठरवून घ्या.